गाडीच्या दारातला फोम आणि पावसाचे पाणी

आमचा धंदा कापडाचा. गाडीच्या स्पीकरशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. पण कोणता माल पाणी पितो आणि कोणता पीत नाही, हे कापडवाल्याला शिकवावे लागत नाही. त्यात यंदा आमच्याच खिशाला चाट बसली, म्हणून हा विषय घेतला आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांत स्पीकर बसवून घेतले. कारागीर हुन्नरी होता. पत्रा थरथरू नये, आवाज भरीव यावा म्हणून त्याने स्पीकरच्या मागे फोम चिकटवला. दोन महिने आवाज छान आला. पोळ्याच्या सुमारास गाडीत कुबट वास सुटला आणि एका स्पीकरचा आवाज फाटला. अर्धापुरातच दार उघडून पाहिले. फोम पिळला तर पाणी निघाले! दाराच्या खालच्या कडेला गंजही धरला होता.

दोष फोम लावण्यात नव्हता, फोमच्या जातीत होता. पुष्कळांना वाटते की गाडीच्या दारात पाणी शिरत नाही. खरे तर ते शिरतेच. काचेलगतचे रबर सगळे पाणी अडवत नाही. काचेवरून ओघळलेले पाणी दारात उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जाते. आतल्या बाजूला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा ते गाडीत येऊ देत नाही. म्हणजे स्पीकरच्या मागची जागा पावसाळाभर ओलीच समजायची.

फोम दोन जातींचा असतो. गादी-कुशनच्या फोमची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. तो आवाज चांगला शोषतो, पण पाणीही सुती कापडासारखे ओढून धरतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक छिद्र बंद असते. चपलेच्या तळाला लागते ती ईव्हीए शीट किंवा एसीच्या पाइपवर गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबरचा फोम या जातीचा. तो पाणी पीत नाही, मात्र आवाज थोडा कमी शोषतो. ओळख सोपी आहे. तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर तो पहिल्या जातीचा. रात्रभर पाण्यात दाबून ठेवा आणि आधी-नंतर वजन करा, म्हणजे शंकाच उरणार नाही.

आमचा सल्ला असा, की दारात बंद छिद्रांचाच फोम लावावा. कुशनचाच लावायचा असेल तर तो पातळ पॉलिथिनमध्ये चारही बाजूंनी बंद करावा. कपड्याच्या पिशव्या बंद करण्याचे सीलिंग मशीन इथे उपयोगी पडते. पॉलिथिन जाड नको आणि ताणलेलेही नको, नाहीतर बारीक आवाज त्यावरून परत फिरतो. टोचलेले तर मुळीच नको. सुईएवढ्या भोकातून पाणी आत जाते, पण वाळून बाहेर येत नाही.

चिकटवण्याआधी धूळ व तेल पुसावे. गंज असेल तर घासून प्रायमर मारावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. हलका गोंद तेव्हा सुटतो आणि गळून पडलेला फोम तळाची छिद्रे बुजवतो. पत्र्याची थरथर थांबवायला डांबरी पट्टीपेक्षा ब्यूटिलची पट्टी बरी, कारण ती उन्हात वितळून ओघळत नाही. फोम काचेच्या वाटेत येऊ देऊ नये आणि तळाला लावू नये. स्पीकरवर रबराची टोपी बसवली तर तिची खालची बाजू उघडी ठेवावी. कापलेला प्लॅस्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवावा. शेवटी काचेवर तांब्याने पाणी ओतून पाहावे. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर आले आणि पडदा आतून कोरडा राहिला, तर काम पक्के.

या कामाला माल थोडा महाग पडतो आणि वेळही जास्त लागतो. गिऱ्हाईक भाव पाडून मागते, ही कारागिरांची तक्रार खरी आहे. यावर उपाय म्हणजे फोमचे दोन्ही तुकडे दुकानात ठेवावेत, पाण्यात बुडवून दाखवावेत आणि दोन्हींचे दर वेगवेगळे सांगावेत. पटले तर गिऱ्हाईक जास्त पैसे देते. नाही पटले तरी पुढे दोष तुमच्या माथी येत नाही.

दाराचे पॅनल बसले की आतले काम कोणाला दिसत नाही. बाजारातल्या धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला आणि वरून कोरडा असलेला ढीग आतून ओला निघाला, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला तिथेच टोकले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या कारागिराने फसवले नव्हते, त्याला फोमची जात माहीत नव्हती. पण ज्याला आता माहीत झाली, त्याला ती सबब उरत नाही.