ज्वारीला मोड, भट्टीला मनाई

बीडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. ओढ्याकाठच्या झुडपात छापा पडतो, प्लास्टिकचे ड्रम आडवे होतात, 'गूळमिश्रित रसायन जागेवर नष्ट' असा पंचनामा होतो आणि महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम 65 (फ) खाली गुन्हा दाखल होतो. आपण पान उलटतो. पण हे पोटकलम सावकाश वाचण्यासारखं आहे. त्यात विक्रीचा उल्लेख नाही, पिण्याचाही नाही. मादक पदार्थ तयार करण्याचं साहित्य, भांडी, अवजारं किंवा यंत्र वापरलं, ठेवलं, जवळ बाळगलं, एवढं गुन्ह्याला पुरतं. ताडीपुरता अपवाद केलेला आहे. त्याच कलमात आधी दारू तयार करणं आणि डिस्टिलरी किंवा ब्रुअरी उभारणं हेही गुन्हे म्हणून सांगितलेले आहेत. म्हणजे बीडच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात कुणी हौसेनं वीस लिटरचा बिअरचा संच जोडून घेतला, तर पहिला थेंब उतरायच्या आधीच तो माणूस त्या ड्रमवाल्याच्या रांगेत जाऊन बसतो.

इतर देशांत हा छंद कधीचाच राजमान्य आहे. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना 1963 मध्ये रद्द केला. अमेरिकेत 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून एका प्रौढ माणसामागे वर्षाला 100 गॅलन, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन, स्वतःपुरती बिअर करायला मुभा मिळाली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी केन ग्रॉसमन यांचं घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी आणि पॉल कॅमुसी यांनी 1980 मध्ये 'सिएरा नेवाडा' ही ब्रुअरी उभी केली ती दूध डेअऱ्यांची जुनी, मोडीत निघालेली यंत्रं जोडून. महाराष्ट्रात पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली' सुरू झाली आणि छोट्या ब्रुअरीचं दार उघडलं, पण तो परवाना घेऊन करायचा धंदा झाला. घरातल्या हौशी माणसासाठी ते दार आजही बंद आहे.

मला या संचाचं कुतूहल दारूमुळे वाटलं नाही, धान्यामुळे वाटलं. बीड हा रब्बी ज्वारीचा मुलूख. बिअर म्हणजे मोड आलेल्या धान्याची साखर करून ती यीस्टला खाऊ घालणं. या कामाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात धान्यातल्या पिठाची साखर होते. त्यात नशेचा कणही नसतो. दुसऱ्या भागात साखरेची दारू होते. कायदा अडवतो तो दुसऱ्या भागापाशी. आपण मात्र त्याच्या धाकानं पहिला भागही शिकलो नाही, आणि ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्याचं हे मोठं नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे.

संच काय असतो ते आधी पाहू. मूळ भांडी तीन. पहिल्यात पाणी तापवायचं. दुसऱ्यात दळलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून धरायचं. या भांड्याला खाली जाळीचा खोटा तळ आणि तोटी असते. तिसऱ्यात गाळलेलं गोड पाणी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळायचं. वीस लिटर बिअरला चार-पाच किलो माल्ट लागतो. सारी मदार दुसऱ्या भांड्यावर. तिथे तासभर 65 ते 67 अंश सेल्सिअस धरावे लागतात. 60 च्या आसपास राहिलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त होऊन बिअर पाणचट उतरते, 75 च्या वर गेलं तर पिठाची साखर करणारी विकरंच मरतात. म्हणून चांगला तापमापक हा या संचातला खरा कारागीर. भांडं स्टेनलेस स्टीलचं हवं, आणि आतून सांधा इतका गुळगुळीत हवा की बोट फिरवलं तर कुठे अडू नये, कारण जिथे बोट अडतं तिथे जंतू घर करतात. दुधाच्या टाक्या बनवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

उकळलेलं पाणी तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवून झटपट 20 अंशांवर आणायचं, झाकणबंद भांड्यात यीस्ट घालायचं आणि वर पाण्याची छोटी कुपी बसवायची, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. पाण्याच्या तुलनेत 1.050 असलेली घनता आठ-दहा दिवसांत 1.010 वर आली की साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल झालं असं समजायचं.

बीडमध्ये हा दुसरा भाग कायदा नसता तरी सोपा नव्हता. यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात आणि मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात आंबवलेल्या द्रावणाला उग्र, डोकं धरणारा वास येतो. फ्रीज आणि तापमान नियंत्रक लावल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. आधुनिक कारखान्यात एका लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी जातं, घरच्या संचात थंड करण्यापायी आणि धुण्यापायी त्याहून कितीतरी जास्त. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके पर्जन्यछायेतले. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्के कपात करायला सांगितलं होतं. वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि शेजारच्या जिल्ह्यात टँकरपुढे घागरींची रांग, ही विसंगती त्या वर्षी सगळ्या मराठवाड्यानं पाहिली. या भागात बिअरची चर्चा पाण्याला वगळून करताच येत नाही.

पहिल्या भागाला मात्र यातलं काहीच आड येत नाही. त्याला पाणी थोडं लागतं, थंडावा लागत नाही आणि धान्य घरचं आहे.

ज्वारीचा माल्ट बार्लीपेक्षा अवघड आहे, हे मान्य करून पुढे जावं लागतं. बार्लीच्या दाण्याला टरफल असतं, तेच पुढे गाळणीचं काम करतं. ज्वारीचा दाणा उघडा, त्यामुळे पीठ तोटीत अडकून बसतं. बार्लीचं पीठ साधारण 60 अंशांना फुलतं, म्हणजे विकरं जिवंत असतानाच. ज्वारीचं पीठ फुलायला 70 किंवा त्याहून जास्त अंश लागतात आणि तोवर विकरं निम्मी मेलेली असतात. शिवाय साखर करणारं एक मुख्य विकर ज्वारीत मुळातच कमी. आणि कोवळ्या ज्वारीत विष असतं. कोवळं पीक खाऊन जनावर दगावतं हे शेतकऱ्याला माहीतच आहे. ते सायनाइड देणारं द्रव्य, धुरिन, मोडाच्या कोंबांतही साठतं.

आफ्रिकेनं ही कोडी पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेली आहेत. बुर्किना फासोमध्ये ज्वारीच्या माल्टची 'डोलो' ही बिअर गावोगाव बायका करतात. त्यांची रीत अशी: माल्टचं पीठ पाण्यात कालवून ठेवायचं, वरचं निवळ पाणी बाजूला काढायचं, कारण विकरं त्यात उतरलेली असतात. खालचा गाळ उकळून पीठ फुलवायचं, तो निवू द्यायचा आणि मग ते राखलेलं पाणी त्यात परत ओतायचं. नायजेरियाने 1988 मध्ये बार्लीची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअऱ्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं, आणि त्या वळल्या.

या कामातला पहिला भाग, पिठाची साखर करण्याचा, बीडच्या स्वयंपाकघरात करून पाहता येतो. मालदांडी ज्वारी निवडून रात्रभर भिजवायची, पाणी बदलायचं, ओल्या फडक्यात बांधून सावलीत ठेवायची. रोज दोन वेळा पाणी शिंपडून दाणे खालीवर करायचे, नाहीतर मधल्या दाण्यांना बुरशी धरते आणि सगळं टाकून द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी दाण्याएवढे मोड येतात. गच्चीवर कडक वाळवायचे आणि तळहातांनी चोळायचे. कोंब आणि मुळ्या गळून पडतात, त्या पाखडून टाकायच्या. त्या टाकायच्याच, कारण विषाचा मोठा वाटा त्यांत असतो. उरलेला दाणा चावला तर पहिल्यांदा कच्च्या ज्वारीसारखा लागतो, मग जिभेवर गोडवा उतरतो. हा दाणा गिरणीत दळला की माल्टचं पीठ तयार.

आता साध्या ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवायची, इतकी घट्ट की डाव उभा राहावा. ती बोट बुडवून धरवत नाही एवढ्या ऊनपणावर, म्हणजे 65 अंशांच्या आसपास आली की चमचाभर माल्टचं पीठ घालून ढवळायचं आणि झाकून ठेवायची. दहा मिनिटांत डाव कलंडतो. पेज सैल होते, चमच्यावरून धार धरते, आणि साखरेचा कण न घालता गोड लागते. टिंक्चर आयोडीनचा थेंब सुरुवातीच्या पेजेत गडद निळा होतो, नंतर नंतर तो निळेपणा ओसरत जातो. शेवटी तिला एक उघडी उकळी द्यायची, म्हणजे उरलासुरला विषारी वायू निघून जातो. बिअरच्या संचातलं दुसरं भांडं हेच काम करतं, फक्त वीस लिटरमध्ये.

हे नुसतं नवल नाही. बाळाचं पोट लहान असतं. घट्ट पेज त्याला गिळवत नाही आणि पातळ केली तर तिच्यात पाणीच जास्त, अन्न कमी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात याच युक्तीवर काम केलं. चिमूटभर मोडाचं पीठ घातलं की घट्ट पेजेतलं सगळं अन्न पातळ होऊन बाळाच्या पोटात जातं. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांनाही हे हातानं ठाऊक होतं. ऊसतोडीला सहा-सहा महिने आईबापांबरोबर पालावर राहणाऱ्या बीडच्या लेकरांसाठी याहून स्वस्त अन्न मला तरी सुचत नाही.

आंबवण्याचंही आपल्याला वावडं नाही. अंबाजोगाईच्या बाजूला आणि पुढे लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला ज्वारीचं पीठ आणि ताक यांची आंबील मडक्यातून शेतात नेतात. तिच्यातला आंबटपणा दुधाच्या जिवाणूंचा असतो, यीस्टचा नाही. ती चढत नाही, पोटाला गार पडते. मोडाच्या पिठाची गोड पेज ताकात आंबवून पाहावी, हा प्रयोग अजून कुणीतरी नीट करायला हवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे रब्बी वाण दिले. त्यांतला कुठला वाण मोडाला चांगला, हे शेतकऱ्याला सांगणारा एक कागद तिथून निघाला तर पुष्कळ होईल.

मग कायद्याचं काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. गाळण्या-विकण्यावर राज्याची कडक मक्तेदारी सांगणारा तो ग्रंथ कुटुंबांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा करू देतो आणि उत्सव-यात्रांना चार दिवसांची मोकळीक देतो. म्हणजे घर आणि धंदा यांत फरक करण्याची कल्पना या भूमीला नवी नाही. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि तिथे आबकारी हे सरकारी उत्पन्नाचं मोठं साधन होतं. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा त्यानंतर इकडे लागू झाला. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले, बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची वयोमर्यादा ठरली. भांडं बाळगण्याचं पोटकलम मात्र जसंच्या तसं राहिलं.

त्यामागचं कारणही खरं आहे. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये शंभरावर माणसं गेली ती मिथाइल अल्कोहोलच्या विषानं. धान्य आंबवून ते विष त्या प्रमाणात तयार होत नाही, ते कारखान्यातल्या रसायनातून मिसळलं जातं. पण पिणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला हा फरक सांगून काय उपयोग? ऊसतोडीची उचल दारूत गेली की वर्षभर ती फेडायची असते कोयत्याच्या दुसऱ्या अर्ध्याला, म्हणजे जोडीनं ऊस तोडणाऱ्या बायकोला. गावोगाव बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली ती याच अनुभवातून. म्हणून बीडमध्ये घरोघरी बिअर व्हावी अशी मागणी मी करत नाही. माझी मागणी एवढीच आहे की विक्रीसाठी गाळणारा आणि घरी धान्य भिजवणारा यांच्यात कायद्यानं कधीतरी रेघ ओढावी. आणि तोवर ज्या भागाला कायद्याची आडकाठीच नाही तो आपण हाती घ्यावा.

आष्टीकडे दूध संकलनाची केंद्रं आहेत, शीतटाक्या आहेत, स्टेनलेसचे सांधे गुळगुळीत घासणारे कारागीर आहेत. बचतगटानं पन्नास लिटरचं दुहेरी भिंतीचं एक भांडं करून घ्यावं. मध्ये गरम पाणी खेळवायला जागा, खाली तोटी, आत काढता येणारी कापडाची मोठी पिशवी, कारण ज्वारीला टरफलाची गाळणी नाही, आणि झाकणात तापमापकाला भोक. एका वेळी आठ-दहा किलो ज्वारीचं काम त्यात होईल. गोड पाणी आटवलं की ज्वारीच्या माल्टचा पाक, वाळवलं की अंगणवाडीसाठी पीठ, आणि पिशवीतला चोथा संध्याकाळी गाईच्या गव्हाणीत.