बाळ परराज्यातलं, कायदा एकच

उमरगा तालुक्याची शीव ओलांडली की कर्नाटक लागतं. आळंद, बसवकल्याणकडच्या सोयरिकी धाराशिव जिल्ह्याला नव्या नाहीत. अशा भागात मूल नसलेल्या जोडप्याच्या कानावर सहज येऊ शकतं की, पलीकडच्या दवाखान्यात बाळ आहे, बाई द्यायला तयार आहे, बाँड करून घेऊ. मग धास्ती वाटते ती राज्याच्या हद्दीची. खरं तर हद्द आडवी येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ साऱ्या देशाला एकच आहे. माणसं गोत्यात येतात ती आडवाटेनं गेल्यामुळे.

सरळ वाटेची सुरुवात ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरच्या नोंदणीनं होते. कोणत्या राज्यातलं मूल चालेल, हेही तिथंच नोंदवायचं. गृहभेट मात्र धाराशिवातच होते. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन उत्पन्न, आजारपण, नवराबायकोचं पटतं का, आजीआजोबांचं मन काय म्हणतं, हे सगळं पाहतो. त्याचा अहवाल पोर्टलवर चढला की परराज्यातल्या दत्तक संस्थेलाही तोच चालतो. पाळी आली की मुलाचा फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल समोर येतो. तो आपल्या डॉक्टरला दाखवता येतो, पण मूल राखून ठेवायला ४८ तासच असतात. त्यानंतर संस्थेत जाऊन बाळाला भेटायचं आणि कागदांवर सह्या करायच्या. अर्ज जातो संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यानं तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. निकालाला मुदत दोन महिन्यांची आहे. निकाल मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. दरम्यान बाळ संगोपनासाठी घरी आणता येतं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होते, तीही आपल्याच जिल्ह्यात. म्हणजे हद्दीमुळे वाढतो तो प्रवास, आणि बदलतो तो जिल्हाधिकारी.

यावर कुणीही म्हणेल, यात वर्षं जातात. खरं आहे, वाट पाहणारी जोडपी पुष्कळ, आणि दत्तक देण्यास मोकळी झालेली बाळं थोडी. पण मुदती कशासाठी आहेत तेही पाहावं. टाकलेलं बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल, तर त्याच्या आईवडिलांचा शोध घेऊन ते मोकळं असल्याचं जाहीर करायला बाल कल्याण समितीला दोन महिने मिळतात. स्वतःहून बाळ सोपवणाऱ्या आईलाही फेरविचाराला दोन महिने असतात. घाबरून, लोकलाजेनं सही केलेल्या मुलीला परत येता यावं म्हणून ते आहेत. दवाखान्यातून परस्पर उचललेल्या बाळाच्या बाबतीत नेमकी हीच संधी बुडते. शिवाय मुलाच्या विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि त्यात दवाखान्यातलं कुणी असेल तर सातपर्यंत. जन्मदाखल्यावर खोटे आईबाप लिहिले, तर टांगती तलवार मुलाच्या डोक्यावर राहते ती वेगळीच.

दुसरा आक्षेप परंपरेचा: आपल्याकडे भावकीतलं मूल दत्तक घेतातच की! घेता येतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ आजही लागू आहे. पण देणारे आईवडील हवेत, दाई किंवा दलाल चालत नाही. मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं हवं. पैशाची देवघेव हा गुन्हा आहे. आणि दत्तकपत्राची नोंदणी झालेली बरी, कारण मग कायदा ते दत्तक खरं धरून चालतो. नुसत्या बाँडला ते वजन नाही. नात्यातलं मूल बाल न्याय कायद्यानंही घेता येतं, आणि तिथं धर्माची अट नाही. तरी याच वाटेनं गेलेल्या एका घटस्फोटित स्त्रीला भुसावळच्या न्यायालयानं बहिणीचं मूल नाकारलं होतं. नोकरी करणारी बाई मुलाकडे काय लक्ष देणार, असा त्याचा सूर होता. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. सरळ वाटेवर अन्याय झाला तर वर दाद मागता येते. आडवाटेवर दाद मागणार कुणाकडे?

घाई करायचीच, तर ती आईच्या दोन महिन्यांत नको. ती हवी गृहभेटीत, समितीच्या निर्णयात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर. मूल हवं असलेल्यांनी आधी जिल्हा बाल संरक्षण कक्ष गाठावा. आणि टाकलेलं बाळ दिसलं तर घरी न नेता १०९८ वर फोन करावा.