चौकोनाच्या रेघा तीनच!

लेकीकडे बंगळूरला महिनाभर राहायला गेले होते. तिचे घर एचएसआर लेआउटमध्ये, म्हणजे होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावाने वसलेल्या वस्तीत. सकाळी अगरा तळ्यापर्यंत फेरी झाली की दिवस मोकळा. बाहेरच्या कानडी पाट्या मला वाचता येत नव्हत्या आणि घरात नात चिनी लिपी गिरवत बसलेली. एके दिवशी मीही शेजारी बसले. पहिले अक्षर 'खोउ', म्हणजे तोंड. दिसायला नुसता चौकोन. चार बाजूंच्या चार रेघा ओढल्या आणि वही पुढे केली.

"आजी, चुकलं!"

"अगं, चौकोन आलाय ना नीट?"

"आलाय, पण रेघा तीनच हव्यात."

डावी उभी रेघ वरून खाली. मग वरची आडवी आणि उजवी उभी, हात न उचलता, मिळून एकच. शेवटी तळाची. दिसायला माझा चौकोन अगदी तसाच होता, म्हणून मी हुज्जत घातली. तेव्हा तिने चिनी शब्दकोश उघडला. त्यात अक्षराचा मुख्य भाग त्याच्या रेघांच्या संख्येवरून शोधतात, मग उरलेल्या रेघा मोजतात. 'तोंड' तीन रेघांच्या गटात. मी चारच्या गटात शोधत बसले असते तर जन्मात सापडले नसते!

बाकीचे नियम आपल्या हाताला फारसे परके नाहीत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी रेघ आधी, तिला छेदणारी उभी नंतर. गंमत आहे ती 'ग्वो' म्हणजे 'देश' या अक्षरात. आठ रेघा. चौकटीच्या तीन बाजू आधी काढायच्या, मग आत 'जेड' या रत्नाचे अक्षर मांडायचे आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. माणसे आत आल्यावर दार लावावे तसे. चीनमधली मुले हवेत बोट फिरवत, रेघांची नावे मोठ्याने म्हणत हा क्रम पाठ करतात. भराभर लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात; क्रम ठरलेला असला तरच ते गिचमिड अक्षर दुसऱ्याला लागते.

हे ऐकताना मला नातीची मराठी वही आठवली. तिचे मराठी लिहिणे म्हणजे चित्र काढणे. आधी शिरोरेषा, मग 'म' चक्क खालून वर! आमच्या वेळी 'गमभन'ने सुरुवात व्हायची. एकाच वळणाची अक्षरे एकापाठोपाठ गिरवायची, म्हणजे हात आपोआप वळतो. मग आमचा सौदा ठरला : तिने मला एक चिनी अक्षर शिकवायचे, मी तिला एक मराठी.

"शिरोरेषा आधी काढली तर बिघडलं कुठे?" तिने विचारले. प्रश्न रास्त होता. मोडीत तर ओळभर रेघ आधीच ओढून अक्षरे तिच्याखाली लिहीत. आणि चिनी अक्षरांचेही तेच. 'शेत' हे अक्षर म्हणजे खिडकीसारखी चार खणांची चौकट. तिच्या आतली आडवी रेघ चीनमध्ये आधी काढतात, जपानमध्ये उभी आधी. ज्या शाळेत बसलो तिथला क्रम पाळावा, हे माझे मत. मात्र 'म' खालून वर काढू देणार नाही!

"या वयात चिनी कशाला?" जावई हसले. मी सोलापूरची. आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले तेव्हा ऐन सत्ताविशीत होते. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी बोलायला, लिहायला शिकले. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले, तेव्हा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. त्याचे नाव 'इनहुआ'. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. त्या पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हेच 'हुआ' होते. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही आले.

नातीला हे ठाऊक नव्हते. तिने लगेच 'हुआ' काढून दाखवले. कोटणीसांच्या काळी या अक्षराला बऱ्याच जास्त रेघा होत्या, आता सहाच उरल्या आहेत. मी सावकाश, क्रमाने काढत गेले. शेवटची लांब उभी रेघ थोडी डावीकडे कलली.

"क्रम बरोबर आहे," नात म्हणाली आणि 'म' गिरवायला आपली वही पुढे ओढली.