साठ माणसं, शाईचे डाग आणि एक समज

समलैंगिकता हा मनाचा आजार आहे, असं 1952 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत छापलेलं होतं. आधार काय? तोवरचे बहुतेक अभ्यास तुरुंगातल्या कैद्यांवर किंवा उपचारांसाठी आलेल्या रुग्णांवर झालेले. दवाखान्यात बसून मोजलं तर सगळं गावच आजारी दिसणार!

लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांना ही चूक दिसली. एका समलैंगिक विद्यार्थ्यानं, जो पुढे त्यांचा मित्र झाला, 'आमच्यासारख्यांचा अभ्यास करा' असा आग्रह धरला होता. त्यांनी 30 समलैंगिक आणि 30 भिन्नलैंगिक पुरुष निवडले. वय, शिक्षण, बुद्ध्यांक यांच्या जोड्या जुळवल्या. कोणीही मानसोपचार घेत नव्हतं. समलैंगिकता तेव्हा गुन्हा होती, म्हणून मुलाखती हूकर यांच्या घरी झाल्या. त्या पुरुषांचं धाडस मला फार मोठं वाटतं.

शाईच्या डागांच्या आणि चित्रांवरून गोष्ट सांगण्याच्या चाचण्यांची उत्तरं नावं झाकून नामांकित तज्ज्ञांकडे गेली. डागांच्या चाचणीतले जाणकार ब्रुनो क्लॉप्फर त्यांत होते. जोडीतला समलैंगिक कोण, हे त्यांना ओळखता आलं नाही. नाणं उडवून जेवढं जमलं असतं तेवढंच जमलं. मानसिक समायोजनातही दोन्ही गट सारखेच निघाले.

निबंध 1957 साली छापून आला. यादीतून तो 'आजार' वगळायला मात्र डिसेंबर 1973 उजाडला, आणि त्यासाठी कार्यकर्त्यांना रस्त्यावरही उतरावं लागलं.