शंभर किलोत पंच्याण्णव पाणी

थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्याखाली पवना नदीचं पाणीच दिसेनासं झालं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी मुद्दाम काठावर गेले. पोकलेन जलपर्णी उपसून काठावर टाकत होतं. त्याचा हात पोचत नव्हता तिथे माणसं दोर लावून ती ओढत होती.

तो हिरवा थर एका जातीचा नव्हता. देठ फुगीर, पान तकतकीत, जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा डाग, ती जलपर्णी, दक्षिण अमेरिकेतून आलेली. बिनदेठाची, लव असलेल्या पानांची पिस्टिया. मधल्या फटींत टिकलीएवढी लेम्ना. मुकादम मामांनी जलपर्णीचा एक देठ मोडून माझ्या हातात दिला. आत नुसती हवेची जाळी. "शंभर किलो उचला, पंच्याण्णव पाणीच," ते म्हणाले.

जलपर्णीचे उपयोग पुष्कळ. आसामात सुकलेल्या देठांच्या टोपल्या, चटया विणतात. गॅस होतो, खत होतं. पण शंभरातलं पंच्याण्णव पाणी, म्हणजे डंपरचं डिझेल पाणी वाहण्यातच जातं. सुकवायला काठाजवळ जागा हवी, आणि ती शहरात मिळत नाही.

मला मात्र मुळं सोडवेनात. काळी, पिसांसारखी, गटाराच्या गाळाचा उग्र वास असलेली. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊनच ही इतकी फोफावते. शिसं, कॅडमियम, क्रोमियमही मुळांत साठवते. 1970च्या दशकात नासाने मिसिसिपीत सांडपाणी स्वच्छ करायला हीच वनस्पती वापरली होती. पवनेतही ती तेच काम करते आहे, फक्त तिने शोषलेलं वेळेवर बाहेर न्यायला हवं. ढीग काठावरच कुजला, तर पहिल्या पावसात सगळं परत नदीत. मग उन्हात कंबरभर पाण्यात उभ्या राहिलेल्या या माणसांची मेहनत वाया जाते, आणि मला ते सहन होत नाही.

"डंपर रोज आला पाहिजे, पावसाच्या आधी," मामा दोनदा म्हणाले.

त्यांचं खरं आहे, पण नुसता ढीग हलवून भागणार नाही. प्लेटिंगच्या वर्कशॉपांच्या या पट्ट्यात त्या ढिगाचं खत करायचं, तर आधी नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे. धातू मोजल्याशिवाय ते कुणाच्या मेथीच्या वाफ्यात पडू नये. आणि वरून नदीत येणारं मैलापाणी थांबेपर्यंत मामांची टोळी दर उन्हाळ्यात इथेच उभी असेल.