हौशी नट: वाचन, सूर आणि तालीम

नाटकात काम करतो, पण नाटकावर पोट भरत नाही, तो हौशी नट. जिल्ह्याच्या गावातला बँकेचा कारकून, झेडपीच्या शाळेतला शिक्षक, महावितरणचा तंत्रज्ञ, औषधाच्या दुकानात बसणारा फार्मासिस्ट असा कोणीही. 'हौशी' म्हणजे 'कच्चा' असे मराठीत सर्रास धरले जाते. हा त्या शब्दावर अन्याय आहे. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि पुण्यातल्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या नाटकांतून काम करत होते. पूर्णवेळ नट झाले ते १९६९मध्ये. १९७२मध्ये याच संस्थेने 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणले, तेव्हा त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते, तर नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ.

हौशी नटाचे वर्ष राज्य नाट्य स्पर्धेभोवती फिरते. १९५४पासून सुरू असलेली ही स्पर्धा आज राज्य शासनाचे सांस्कृतिक कार्य संचालनालय भरवते. प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतर वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांवर होते आणि निवडक नाटके अंतिम फेरीत जातात. कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा वेगळी, महावितरणची वेगळी. महाविद्यालयीन मुलांसाठी पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे, तो १९६३पासून. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन' या नाट्यसंस्थेने १९६७मध्ये राज्य स्पर्धेसाठीच बसवले होते. त्या नाटकातली पात्रेही प्रयोगासाठी परगावी आलेली हौशी मंडळीच आहेत. मोकळा वेळ घालवायला ती अभिरूप खटल्याचा खेळ मांडतात आणि खेळ अंगाशी येतो.

स्पर्धेच्या आधी नाटक सापडावे लागते, आणि ते सापडते वाचनालयात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४०ची, आणि परशुराम सायखेडकर नाट्यगृह त्याच्याच वास्तूत आहे. वाचन आणि नाटक यांचा इतका जवळचा शेजार क्वचित पाहायला मिळतो. बहुतेक गावांत मात्र नाटकांच्या वाट्याला एखादे कपाट येते. हौशी मंडळींची नाटक वाचण्याची तऱ्हाही निराळी. पुस्तक हातात आले की आधी पात्रांच्या यादीचे पान उघडायचे. बायका किती? सेट एकच की बदलता? तीनपेक्षा जास्त स्त्रीपात्रे असतील तर उत्तम नाटकही मिटून परत जाते. एवढ्या अभिनेत्री गावात मिळत नाहीत असे सांगितले जाते. खरी अडचण प्रतिभेची नसते. तालीम रात्री अकराला सुटते आणि घरचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास कोणी बघायचा हा प्रश्न पुरुष नटाला सहसा कोणी विचारत नाही. वाचनालयाच्या प्रतीत कधी आधीच्या मंडळींच्या पेन्सिलीच्या खुणा सापडतात: तिरकी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे पॉज, समासात बारीक अक्षरात 'उजवीकडून'. ग्रंथपाल अशा खुणांवर वैतागतो. नव्या नटाला त्या वाचताना मजा येते.

नाटक ठरले की लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, प्रवेश अर्ज ही कागदपत्रे एखादा उत्साही सभासद गोळा करतो. मग नाट्यवाचन. शाळेच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून सगळे गोल बसतात. पहिले वाचन बहुधा दिग्दर्शक एकटाच करतो आणि त्यात अभिनय टाळतो, नाहीतर नट त्याच्याच सुराची नक्कल करू लागतात. पात्रवाटप झाल्यावर एक-दोघांचा अबोला ठरलेला असतो. पुढचे आठ-दहा दिवस बसूनच वाचायचे. हात-पाय मोकळे सोडायला नट उतावीळ झालेले असतात, पण वाक्याचा अर्थ, कुठे तोडायचे, कोणत्या शब्दावर वजन द्यायचे हे याच दिवसांत पक्के होते. जी मंडळी हा टप्पा उरकून थेट उभी तालीम सुरू करतात, त्यांचे नट शेवटपर्यंत वाक्ये 'फेकत' राहतात.

जुन्या नाटक मंडळ्यांत नटाच्या भूमिकेला 'नक्कल' म्हणत. पूर्ण संहिता प्रत्येकाला मिळत नसे. आपली वाक्ये आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द तेवढे उतरवून घ्यायचे, आणि ती चोपडी म्हणजे नक्कल. आता झेरॉक्स असते आणि संहिता मोबाइलवरही येते, तरी बरेच जाणते हौशी नट आपली नक्कल अजून हातानेच लिहून काढतात. लिहिताना वाक्य डोक्यात बसते, हे एक कारण. दुसरे असे की छापील पानावर आपले वाक्य कुठे आहे हे डोळ्यांना पाठ होते आणि रंगमंचावर ते पान दिसेनासे झाले की नट अडतो. पाठांतराची वेळ ज्याची त्याची. कोणी एसटीत पुटपुटतो, कोणी दुसऱ्यांची वाक्ये फोनमध्ये रेकॉर्ड करून मध्ये आपल्यापुरती जागा मोकळी सोडतो आणि सकाळी फिरायला जाताना कानाला इअरफोन लावून त्या जागा भरतो. समोरून येणाऱ्यांना तो स्वतःशीच भांडतोय असे वाटते.

गद्य नाटकाच्या नटालाही गाण्याचा कान लागतो. संवादालाही पट्टी असते. समोरचा वरच्या सुरात संपला असेल आणि उत्तर त्याच सुरात गेले तर भांडण नुसता कलकलाट होते. एक-दोन सूर खाली उतरून दिलेले उत्तर जास्त बोचते. पार्श्वसंगीत पूर्वी टेपवर असे, आता लॅपटॉपवर असते. पण ते वाजवणारा प्रत्येक तालमीला बसलेला असावा लागतो. नटाच्या पॉजची लांबी त्याच्या बोटांना माहीत नसेल तर तंबोरा भलत्याच वाक्यावर सुरू होतो.

संगीत नाटक करणाऱ्या हौशी मंडळींचे काम दुप्पट. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग १८८०मध्ये पुण्यात झाला. तेव्हाच्या संगीत नाटकात शंभराहून अधिक पदे असत आणि प्रयोग रात्रभर चालत. आज वीसएक पदे ठेवून नाटक तीन तासांत बसवतात. कोणती पदे गाळायची, यावरून तालमीत जितके वाद होतात तितके कशावरूनच होत नाहीत. गाणाऱ्या नटाचा दिवस पहाटे खर्जाच्या रियाजाने सुरू होतो. संध्याकाळी तबला आणि ऑर्गनवाल्यांबरोबर पट्टी जुळवायची. पुरुषाचा गळा बहुधा काळी एक-काळी दोनच्या आसपास आणि स्त्रीचा काळी चार-पाचला. नायक-नायिकेची पदे लागोपाठ आली की पट्टी बदलायची, आणि बदलताना मधला संवाद तुटता कामा नये. म्हणून कसलेला ऑर्गनवाला संवाद चालू असतानाच पुढच्या पदाचा षड्ज हलकेच धरून ठेवतो. नट बोलता बोलता तो सूर कानात साठवतो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच नाटक बसवायची रीत जुनी आहे. तिथल्या प्रेक्षकाला पदे तोंडपाठ असतात, त्यामुळे एखादी जागा चुकली की ती नटाच्या आधी पहिल्या रांगेला कळते.

आठ ते अकरा तालीम, आणि सकाळी कामावर हजर. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे रजा, ओव्हरटाइम, घरातली लग्नकार्ये यांचा हिशेब जमवण्यात जातात. रंगीत तालमीच्या दिवशी वेशभूषा, प्रकाशयोजना, नेपथ्य पहिल्यांदा एकत्र येते आणि दार उलटे उघडते हे तेव्हा कळते. शासनाकडून सादरीकरणाचा खर्च मिळतो, पण तो पुरत नाही. उरलेला पदरचा किंवा गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या जाहिरातीचा.

प्रयोगाच्या दिवशी दुपारपासूनच सेट लागतो. नटराजाची पूजा होते, नारळ वाढवला जातो. तिसरी घंटा झाली की तीन महिन्यांचे काम दोन-अडीच तासांत संपते. पडदा पडल्यावर रडायला किंवा मिठ्या मारायला फारसा वेळ नसतो, कारण सकाळी पुढच्या संस्थेला रंगमंच मोकळा हवा. ज्याने आत्ता राजाचे काम केले तोच सेटच्या फ्लॅटचे खिळे उपटतो आणि टेम्पोत लेव्हल चढवतो. रंग खोबरेल तेलाने निघतो, मिशीचा गोंद ओठावर चिकटून राहतो, डोळ्यांतले काजळ तर दोन दिवस जात नाही. दुसऱ्या दिवशी बँकेच्या खिडकीशी आलेला खातेदार पासबुक पुढे करता करता थबकतो आणि विचारतो, "साहेब, काल नाटक होतं का?"