विद्यार्थ्यांच्या निवडणुका आणि त्यांचा जमाखर्च

महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीं आपले प्रतिनिधि मतदानानें निवडावे कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. त्यांची धास्ती अगदींच निराधार नाहीं. १९८९ सालीं मुंबईंत अशाच निवडणुकीच्या वैरांतून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढें महाराष्ट्रांत १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें सर्वांचें मतदान जाऊन, मागील परीक्षेंत गुणवत्ता दाखविणारा विद्यार्थी प्राचार्यांनींच वर्गाचा प्रतिनिधि नेमावा, असा नियम झाला. परंतु प्राचार्यांनीं नेमलेला प्रतिनिधि प्राचार्यांपुढें सोबत्यांचें गाऱ्हाणें निर्भयपणें मांडील काय? आणि न मांडल्यास त्यास जाब कोणीं विचारावा?

२०१६ च्या कायद्यानें हा हक्क परत दिला. प्रत्येक वर्गानें आपला एक प्रतिनिधि निवडावा. अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी व राखीव प्रवर्गांचा एक प्रतिनिधि हे चौघे महाविद्यालयांतील सर्व विद्यार्थ्यांनीं निवडावे, अशी ही योजना. २०१९ सालीं मात्र विधानसभेची निवडणूक आली म्हणून विद्यार्थ्यांची निवडणूक पुढें ढकलण्यांत आली. वडीलधाऱ्यांच्या मतदानापायीं मुलांचें मतदान थांबवावें, हा न्याय आमच्या समजुतीपलीकडचा आहे.

आमच्या मतें दंडेलीवर खरा उपाय मतपेटीस कुलूप घालण्यांत नसून हिशेबाची वही उघडण्यांत आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीनें २००६ सालीं अशाच शिफारसी केल्या, व सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं त्या अमलांत आणण्याचा आदेश दिला. उमेदवारानें ५,००० रुपयांपेक्षां अधिक खर्च करूं नये. छापील भित्तिपत्रकें न लावतां हातानें केलेलींच लावावीं. विद्यार्थ्यांच्या स्वेच्छेच्या वर्गणीखेरीज दुसरा पैसा वापरूं नये. निकालानंतर २ आठवड्यांत तपासलेला जमाखर्च सादर करावा, व संस्थेनें तो २ दिवसांत प्रसिद्ध करावा.

या शेवटच्या कलमाचें मोल आमच्या व्यापारी वाचकांस निराळें सांगावयास नको. ज्या पेढीची खातेवही कोणास दिसत नाहीं, तिचें दिवाळें निघेपर्यंत कळत नाहीं. उमेदवाराच्या फलकांस व मेजवान्यांस गुपचूप पैसा पुरविणारा गृहस्थ त्या मुलास मदत करीत नाहीं. उद्यांच्या नगरसेवकास तो आजच विकत घेत असतो. यासाठीं निवडणुकीची वर्गणी मागावयास कोणी दुकानीं आला, तर त्यास हा नियम दाखवून गोड शब्दांनीं परत पाठवावें. पालकांनींही निकालानंतर पंधरा-वीस दिवसांनीं महाविद्यालयांत जाऊन एवढेंच विचारावें, "हिशेब कोठें लावला आहे?" जो तरुण विसाव्या वर्षीं ५,००० रुपयांचा चोख हिशेब देण्यास शिकेल, त्याच्या हातीं पुढें नगरपालिकेचा खजिना देतांना नागरिकांस भय वाटणार नाहीं.